शाळूचा खोडवा

नोकरीत मी पुष्कळ पंचनामे लिहिले. त्यातला एक अर्धा लिहून फाडला, आणि तो फाडला म्हणून मला आजही बरं वाटतं.

एकोणीसशे पंच्याण्णव साली मी वनरक्षक म्हणून मोरगावजवळच्या माळावर रुजू झालो. माझं गाव जळोची. घरी थोडी शेती, दोन म्हशी. हरीण मी शाळेच्या पुस्तकातच पाहिलेलं. इथं मात्र सकाळी खोलीचं दार उघडलं की समोरच्या माळावर सहा-सात चिंकारा उभी असायची, विटकरी रंगाची, शेपटी सारखी हलवणारी. पहिले आठ दिवस मी नुसता बघत बसलो.

मग रेंजरसाहेबांनी एक वही हातात दिली. म्हणाले, "नागेश, वर्षभर नोंद ठेव. कुठल्या महिन्यात हरणं काय खातात. पुढं या माळावर झाडं लावायचीत, ती त्यांच्या उपयोगाची लावू."

पहिल्या महिन्यात मी लिहिलं, गवत. दुसऱ्या महिन्यातही लिहिलं, गवत.

ही वही बघून हसणारी पहिली बाई म्हणजे नकोशी. साठीच्या आसपासची, उन्हानं रापलेली, हातात आकडी लावलेली काठी. चार मुलींवर पाचवी झाली म्हणून हे नाव पडलं, असं तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना तिला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या सासऱ्याची एके काळी दीडशे मेंढरं होती. दिवाळीनंतर सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणाकडं जायचं. बहात्तरच्या दुष्काळात कळप गेला. आता चार एकर जिरायत, चौदा शेळ्या आणि दादासो नावाचा तिशीचा मुलगा, एवढा तिचा संसार होता.

तिच्या शेळ्या आमच्या हद्दीत शिरल्या म्हणून मी तिला हाकलायला गेलो होतो. ती बांधावर बसून राहिली.

"हाकल की बाबा, पण आदी तिकडं बग. ती मादी गवतात उभी हाय. गवत खातीया का?"

मी बघितलं. गुडघाभर गवत होतं, पण हरीण खाली वाकून काहीतरी दुसरंच टिपत होतं.

"गवत निबार झालं आता. कुसळं टोचत्यात तोंडाला. बुडाला बारका पाला उगवलाय, त्यो खातीया. तू आपलं गवत गवत लिवून सोडलंस."

त्या दिवशी आमचं ठरलं. तिनं शेळ्या बांधाच्या अलीकडं ठेवायच्या आणि मी तिला मावशी म्हणायचं. वही तेव्हापासून भरायला लागली. आखाड-श्रावणात कोवळं गवत आणि हुलग्या-मटकीचे शेंडे. गवत निसवलं, त्याला तुरे आले, की ते सोडून झुडपांचा पाला. मार्गशीर्षापासून बोरं. दुपारी सावलीत बसून रवंथ करताना हरणं बोरांच्या आठळ्या तोंडातून गाळतात. अशा आठळ्यांचा ओंजळभर ढीग तिनं मला दाखवला, धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ. पुसात-माघात पहाटे हरभऱ्याचे शेंडे, कारण त्यावर आंब, म्हणजे आंबट दहिवर, असते, ती त्यांना आवडते. फाल्गुनात नेपतीची लाल फुलं. आणि चैत-वैशाखात, जेव्हा जमिनीवर हिरवं काही उरत नाही, तेव्हा बाभळीच्या आणि हिवराच्या गळून पडलेल्या शेंगा.

"पाणी?" मी विचारलं.

"मिळालं तर पित्यात. न्हाय मिळालं तर पाल्यात असतं तेवढ्यावर भागवत्यात. मानसापरीस शानी हायेत."

दादासोला मात्र हरणांचं कौतुक नव्हतं. आश्विनात त्याची अर्धी मटकी त्यांनी खुडून नेली होती. त्या आठवड्यात मोरगावच्या एसटी स्टँडसमोर चहा पिताना तो दहा माणसांत ओरडून म्हणाला होता, "पुन्यांदा रानात आली तर औषध टाकून ठेवीन. मग बसा मोजत." मी तिथंच उभा होतो. त्यानं मला पाहिलं आणि कप आपटून निघून गेला.

हे सगळं सांगितलं ते अशासाठी, की पुढच्या चैत्रात एका सकाळी त्याच दादासोच्या बांधाजवळ तीन हरणं मरून पडलेली सापडली.

दोन माद्या आणि एक नर. अंगावर जखम नाही, फासा नाही, गोळी नाही. डोळे उघडे, पाय ताठ. पाच-पन्नास पावलांवर दादासोच्या लिंबाखाली कीटकनाशकाचा डबा पडला होता, अर्धा भरलेला. मला दुसरं काही सुचलंच नाही. पोलीसपाटील महिपतीरावांना पंच म्हणून बोलावलं आणि कागद मांडीवर घेऊन लिहायला बसलो.

दादासोला घरातून बोलावून आणलं. हरणं बघून त्याचा चेहरा उतरला.

"हा डबा तुझा?"

"माजाच. हरभऱ्यावर अळी पडली व्हती तवा आनलेला."

"आणि हे?"

"मी न्हाय केलं."

"स्टँडवर काय म्हणाला होतास?"

"बोललो व्हतो. रागात बोललो." एवढं म्हणून तो खाली बसला. त्याला काय वाटत असेल ते मला माहीत होतं. एसटीच्या ड्रायव्हरची परीक्षा तो पास झाला होता आणि पत्राची वाट बघत होता. चिंकारा मारल्याची केस म्हणजे साधी गोष्ट नाही. जामीन मिळता मिळत नाही, आणि सरकारी नोकरी तर विसरायचीच. तरी मी लिहीत राहिलो. वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त राग होता. त्यातल्या एका मादीला मी इथं आल्यापासून ओळखत होतो. तिचा एक कान फाटलेला होता.

तेवढ्यात नकोशी आली. मला वाटलं, आता ही पाया पडेल. रडेल. ती सरळ हरणांपाशी गेली आणि उकिडवी बसली.

"तोंड उगडून बगितलंस का?"

"कुणाचं?"

"हिचं." तिनं मादीचा जबडा दोन्ही हातांनी फाकवला. दाढांच्या फटीत, जिभेखाली, हिरवा चोथा अडकला होता. तिनं बोटानं तो काढला आणि तळव्यावर पसरला. "हिरवं हाय. चैतात हिरवं कुटनं आलं?"

"मावशी, मुलासाठी काहीतरी सांगू नका."

"पोरासाटीच सांगतीया. पर खोटं न्हाय सांगत." तिनं तळवा माझ्या नाकाखाली धरला. "शेंग न्हाय ही. बोराटीचा पाला न्हाय, त्यो बारका आन् गोल असतो. ह्यो लांब पात्याचा तुकडा हाय, उभ्या शिरांचा. जवारीचं पातं हाय हे. आता माज्या रानात बग. हाय का कुटं जवारी?"

दादासोच्या रानात नांगरटीची ढेकळं होती. दुसरं काही नव्हतं. मी कागद खाली ठेवला.

ढेकळांतल्या मऊ मातीत खुरांचे ठसे उमटले होते. आम्ही चौघं ते बघत, हरणं आली होती त्या दिशेनं निघालो. ठसे रान ओलांडून ओढ्यात उतरले, पलीकडं चढले आणि एका विहिरीजवळच्या रानात गेले. हे रान मानसिंगरावांचं. ते भवानीनगरकडचे, पिढीजात ऊस लावणारे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी इथं सहा एकर घेतली, विहीर पाडली आणि शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, केला. मधून मधून जीपनं येऊन बघून जात.

शाळू कापून महिना होऊन गेला होता. पण अर्ध्या एकरात प्रत्येक धाटाच्या बुडातून फुटवे आले होते. वीतभर उंच, गडद हिरवे, आणि उन्हानं पाती सुरळीसारखी आत वळलेली. सगळ्या उघड्या माळावर तेवढाच एक हिरवा तुकडा होता. शेंडे जागोजाग कुरतडलेले, मधे हरणांच्या लेंड्या.

"उसाचा ठेवत्यात तसा जवारीचा खोडवा ठेवलाय," दादासो पहिल्यांदाच आपणहून बोलला. "एक पानी दिलं आन् मोटार जळाली. पंदरा दीस झालं, कोन आलं न्हाय."

नकोशी रानात शिरली नाही. बांधावरच थांबली.

"हे इख हाय," ती म्हणाली. "जवारी मोटी झाली, निसवली, तर काय हुत न्हाय. पर असा कवळा फुटवा पान्यावाचून आखडला की बाधतो. माज्या सासऱ्याची अकरा मेंढरं एका सकाळी गेली व्हती अशीच. तवापास्नं असल्या रानाच्या आसपास जनावर फिरकू देत न्हाय मी. वाळून कडब्यावानी झाल्यावर मग चालतं."

तिचं बोलणं पटत होतं, आणि म्हणूनच मला भीती वाटत होती. पटलं म्हणून खरं होतं असं नाही. याच फुटव्यांवर कुणी औषध शिंपडलं नसेल कशावरून? हे फक्त डॉक्टरच सांगू शकणार होता. जनावरांचा दवाखाना मोरगावात, आणि माझ्याकडं सायकल. दादासोकडं त्याची जुनी लुना होती.

"दादासो," मी म्हणालो, "जा आणि डॉक्टरांना घेऊन ये. इथं काय बघितलं ते सगळं त्यांना सांग."

महिपतीरावांनी मला बाजूला घेतलं. "आरोपीला पाठवता व्हय? पळून गेला म्हंजे?"

नकोशीनं ते ऐकलं. "पळाला तर मला न्या बांधून," ती म्हणाली आणि तिथंच बांधावर बसली.

दादासो गेला. महिपतीराव आणि मी ओढा ओलांडून मेलेल्या हरणांपाशी परतलो. दहा वाजले. ऊन तापायला लागलं. महिपतीराव हरणांवरच्या माश्या हाकत बसले आणि मी एकदा रस्त्याकडं, एकदा घड्याळाकडं बघत राहिलो. पाऊण तास झाला. तास झाला. मनात वाटायला लागलं की मी मूर्खपणा केला. साहेबांना काय सांगणार? मग रस्त्याकडून लुनाचा आवाज आला, आणि मागं पेटी मांडीवर धरून बसलेले डॉक्टर दिसले. मी उठून पुढं गेलो.

"उशीर झाला," डॉक्टर उतरता उतरता म्हणाले. "यानं ज्वारीचं सांगितलं म्हणून वाटेत फोटो स्टुडिओत थांबलो."

"फोटो काढायला?"

"हायपो घ्यायला." त्यांनी एक कागदी पुडा दाखवला. आत खडीसाखरेसारखे खडे. "फोटो धुवायला वापरतात ते. ज्वारीच्या विषावर हेच औषध. माझ्याकडं त्याचीच सुईनं द्यायची एकच बाटली शिल्लक आहे. म्हटलं, गावात आणखी कुणाच्या जनावरानं खाल्लं असेल तर असू द्यावं."

त्यांनी नराचं पोट उघडलं. मी तोंड फिरवणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. "हे बघा. रक्त बघा." रक्त लालभडक होतं, कुंकू कालवल्यासारखं. "कीटकनाशकानं असं होत नाही. त्याचा वास येतो, तोंडाला फेस असतो. इथं तसं काही नाही. आणि पोटात सगळे हे फुटवे. नमुने मी पुण्याला पाठवतो, पण माझं मत आत्ताच लिहून देतो. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांची विषबाधा. माणसाचा हात नाही."

मी मांडीवरचा कागद घेतला. दादासोचं नाव, वडिलांचं नाव, वय, सगळं माझ्या अक्षरात लिहिलं होतं. चार तुकडे करून ते खिशात घातले. दादासो बघत होता. तो लुनाला टेकून उभा राहिला.

मी त्याच्याशी बोलणार, एवढ्यात ओढ्यापलीकडून नकोशीची हाक आली. "आरं पळा! आलीत पुन्यांदा!"

ती रान राखायला एकटीच तिकडं थांबली होती. आम्ही पोचलो तोवर तिनं काठी आपटून चार हरणं माळाकडं हुसकली होती. पण पाचवं, एक तरणी मादी, फुटव्यांत आडवं पडलं होतं. पाय झाडत होतं. बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या.

"धरा तिला," डॉक्टर ओरडले, "आणि डोळे झाका, नाहीतर भीतीनंच मरेल."

कुणी काही ठरवायच्या आत दादासो तिच्यापाशी गुडघ्यांवर बसला. तिचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं आणि खांद्यावरचा टॉवेल तिच्या डोळ्यांवर बांधला. नकोशीनं मागचे पाय धरले. डॉक्टरांनी मानेची शीर शोधून सुई दिली. मी माझ्या पाण्याच्या बाटलीत हायपोचे खडे टाकून हलवत होतो, आणि खडे लवकर विरघळत नव्हते. हात दुखेपर्यंत हलवली. मग डॉक्टरांनी नळीनं थोडं थोडं ते पाणी तिच्या पोटात सोडलं.

"आता?" मी विचारलं.

"आता बसायचं."

बसलो. ऊन डोक्यावर आलं होतं. महिपतीराव धोतर आवरून तिच्यावर सावली पडेल असे उभे राहिले. दादासो तिच्या कपाळावरून अंगठा फिरवत होता, सारखा, एकाच जागी.

"मटकी खाल्लीस ती खाल्लीस," तो पुटपुटला, "आता हे कशाला खायचं?"

पाव तास गेला. मग बरगड्यांची धाप कमी झाली. मादीनं एकदा मान उचलायचा प्रयत्न केला, पुन्हा टाकली. नकोशीनं तिच्या पोटाला कान लावला.

"गुडगुडतंय," ती म्हणाली. "जगती बग."

आणखी थोड्या वेळानं डॉक्टरांनी टॉवेल सोडायला सांगितला. आम्ही सगळे मागं सरकलो. मादी उठली, पुढच्या पायांवर कोसळली, पुन्हा उठली. चारही पाय फाकवून उभी राहिली, दारू प्यायल्यासारखी. तिनं आमच्याकडं बघितलं, आणि मग एकाएकी काय झालं कोण जाणे, एक उडी मारून बांध ओलांडला. माळावर जाईपर्यंत दोनदा अडखळली. पण गेली.

महिपतीराव मोठ्यानं हसायला लागले. कुणीच काही विनोद केला नव्हता, तरी आम्ही सगळे हसलो. डॉक्टरांचा चष्मा घामानं घसरला होता, तो पुसतानाही ते हसत होते.

मग डॉक्टरांना मागं बसवून मी दादासोच्या लुनावरून मोरगावला गेलो. त्यानंच किल्ली दिली. एसटीडी बूथवरून भवानीनगरला मानसिंगरावांच्या घरी फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं.

"खोडवा ठेवायची आमाला सवय, उसाची," ते म्हणाले. "म्हटलं, वैरण तरी हुईल. ज्वारीचं असं असतं हे कुनी सांगितलंच न्हाय. तुमी कापा, नांगरा, काय लागंल ते करा. उद्या सकाळी मी ट्रॅक्टर घिऊन येतोच."

पण उद्यापर्यंत वाट बघण्यात अर्थ नव्हता. दुपारी तीन वाजता आम्ही चार विळे घेऊन रानात उतरलो. नकोशी, दादासो, मी आणि महिपतीरावही, ज्यांनी वीस वर्षांत विळा धरला नव्हता. फुटवे बुडापासून कापायचे, भारे बांधायचे आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत नेऊन टाकायचे, म्हणजे कुठलं जनावर तोंड लावणार नाही. माझ्या हाताला तासाभरात फोड आले. नकोशी माझ्या दुप्पट वेगानं पुढं गेली होती.

दादासो माझ्या शेजारच्या ओळीत होता.

"दादासो," मी म्हणालो, "माझं चुकलं."

त्यानं मुठीतले फुटवे खाली ठेवले. "तुमचं काय चुकलं? मी बोललोच व्हतो तसं." मग म्हणाला, "पर घाबारलो लई. तुमी लिवत व्हता ना, तवा मला नुस्तं त्या पेनाचं टोक दिसत व्हतं."

"मी तुझ्या आईला आधी विचारायला पाहिजे होतं."

"म्या तरी कुटं कदी तिचं ऐकतो," तो म्हणाला, आणि पुन्हा वाकला.

पुण्याचा अहवाल तीन आठवड्यांनी आला आणि त्यात डॉक्टरांनी म्हटलं तेच होतं. जेठ महिन्यात दादासोला पत्र आलं आणि तो इंदापूर आगारात रुजू झाला. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी सहाच्या सुमारास आम्ही शेवटचा भारा खोलीत टाकून दाराला कडी लावली. नकोशीनं फडक्यातून भाकरी, लसणाची चटणी आणि कांदा काढला. सकाळपासून आमच्या कुणाच्या पोटात काही नव्हतं, आणि भूक लागली आहे हे मला पहिला घास तोंडात गेल्यावर कळलं. महिपतीरावांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

ऊन उतरल्यावर ओढ्याच्या अंगानं हरणं आली. आम्ही हललो नाही. ती रानात शिरली, बोडक्या धाटांमधून इकडंतिकडं फिरली, जमीन हुंगली. खायला काही नव्हतं. मग एकामागून एक वळली आणि वर हिवरांकडं गेली. शेंगा दाताखाली फुटल्याचा आवाज एवढ्या लांबून येणं शक्य नव्हतं, पण मला तो आल्यासारखा वाटला.

"गेली," मी म्हणालो.

"हळू बोल," नकोशी म्हणाली आणि बोटानं बाजूला दाखवलं.

दादासो बांधाच्या उताराला डोकं टेकून, तोंडावर टॉवेल घेऊन गाढ झोपला होता. हातातला भाकरीचा तुकडा तसाच होता. आम्ही त्याला उठवलं नाही.